कपाटातली कारवी: कॉलेजचं जुनं हर्बेरियम वापरात आणण्याच्या प्रकल्प नोंदी

१३ मे २०२४

सुट्टी लागली आणि निरोप आला. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत संगणक बसणार आहेत, तिथली तीन लाकडी कपाटं जूनच्या आत रिकामी करा. कपाटांत वनस्पतिशास्त्र विभागाचं हर्बेरियम आहे. १९६५ पासूनचे वाळवलेले नमुने, शीटवर चिकटवलेले, वरच्या कप्प्यांत कुळांप्रमाणे लावलेले आणि खालच्या कप्प्यांत नुसते गठ्ठे. ठाणे, शहापूर, तानसा, वसई, तुंगारेश्वर, येऊर अशी गावं लेबलांवर दिसतात. गेल्या वीसेक वर्षांत परीक्षेच्या वेळी दाखवायला चार शीटं काढण्यापलीकडे कपाटं उघडली गेली नाहीत.

रद्दीचा भाव किलोला किती, ही चौकशीही झाली. विभागातल्या आम्ही दोघी आणि प्रयोगशाळेचे मामा, तिघांनी मिळून कपाटं मागच्या स्टोअररूममध्ये नेतो असं लिहून दिलं. पैसे विभागाच्या किरकोळ खात्यातून, उरलेले पदरचे.

ठाणे-पालघर भागात अशी कपाटं असलेली आणखी कॉलेजं आहेत. त्यांच्यापैकी कोणी हात घालणार असेल तर आमचा पैसा आणि वेळ कुठे गेला ते समजावं म्हणून या नोंदी.

२२ मे

मोजणी संपली. शीटं ४,१०० च्या आसपास. मोजता मोजताच तीन ढीग केले: लेबलावर जागा आणि तारीख दोन्ही असलेली, दोन्हींपैकी एकच असलेली, आणि दोन्ही नसलेली.

पहिला ढीग सगळ्यात मोठा निघाला, तेव्हा हायसं वाटलं. ते टिकलं नाही, पण त्याबद्दल पुढे. तिसऱ्या ढिगातली झाडं दिसायला सर्वांत देखणी आहेत. पूर्ण पसरलेली पानं, फुलाचा रंगसुद्धा शाबूत. खाली फक्त शास्त्रीय नाव, कुळ आणि विद्यार्थ्याचा रोल नंबर. झाड कुठलं, कधीचं, काही नाही. शिकवायला ठेवू. संशोधनाला त्यांचा उपयोग नाही, आणि ते मान्य करायला सोबतच्या मॅडमना दोन दिवस लागले.

३ जून

जुन्या शीटांवर नमुन्याच्या कडेने कागद करडा-काळा पडलेला दिसतो. मामा म्हणाले, "मॅडम, हे बुडवलेले आहेत. मी लागलो तेव्हा आम्ही पत्र्याच्या ट्रेमध्ये स्पिरिट ओतून बुडवायचो." म्हणजे स्पिरिटमधलं मर्क्युरिक क्लोराइड, पाऱ्याचा विषारी क्षार. किडीपासून वाचवायला जगभर हेच करत असत. पारा शीटवरून जात नाही, वर्षानुवर्षं थोडाथोडा हवेत येत राहतो आणि बंद कपाटात साठतो.

आमच्याकडे पारा मोजायचं यंत्र नाही. म्हणून सरसकट नियम केला: डाग असो नसो, १९९० च्या आधीचं प्रत्येक शीट विषारी समजायचं. कपाट उघडल्यावर खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. नायट्राइलचे हातमोजे (१०० चं खोकं ५५० रुपयांना). टेबलावर चहा नाही, डबा नाही. धूळ मऊ कुंचल्याने काढायची. घरगुती व्हॅक्युम क्लीनर आणायचा विचार होता तो रद्द केला, कारण त्याच्या मागच्या झोतातून तीच धूळ खोलीभर उडाली असती.

तळच्या कप्प्यात अर्धी भरलेली बाटली सापडली. लेबल पुसट, पण मामांनी ओळखली. सिंकमध्ये ओतायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. रसायनशास्त्र विभागाच्या घातक कचऱ्याच्या यादीत नोंदवून त्यांच्या कुलुपात ठेवली. हे काम विद्यार्थ्यांना लावू नका.

१९ जून

डांबरगोळ्यांवर भागेल असं आधी वाटलं होतं. कपाटांत दर पावसाळ्यात गोळ्या पडत होत्या, तरी गठ्ठ्यांत भुंगेरे जिवंत आहेत. तंबाखूत आणि मसाल्यात होतो तोच बारीक तपकिरी भुंगेरा. सूर्यफुलाच्या कुळातली फुलं त्याने पोखरून पीठ केली आहेत, कंद असलेल्या शीटांचीही तीच गत. गवतं मात्र जवळपास सुरक्षित. गोळ्यांनी कीड मरत नाही आणि आपलं डोकं दुखतं.

उपाय गोठवण्याचा. आइस्क्रीमच्या दुकानातून निघालेला आडवा डीप फ्रीझर ११,००० रुपयांना घेतला, टेम्पोचे १,२०० वेगळे. शीटं गठ्ठ्याने जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, हवा दाबून काढायची, तोंड टेपने बंद करायचं आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. गठ्ठा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, तशीच बंद ठेवायची. नाहीतर पावसाळी हवेतलं पाणी थंडगार कागदावर धरतं आणि किडीऐवजी बुरशी मिळते.

८ जुलै

पहिला हप्ता फुकट गेला. पिशव्या उघडल्या तर दोन गठ्ठ्यांच्या मध्यभागी अळ्या वळवळत होत्या. फ्रीझरच्या काट्यावर उणे २० दिसत होतं. ३५० रुपयांचा तारवाला थर्मामीटर आणून गठ्ठ्याच्या पोटात खुपसला, तेव्हा तिथे उणे ९. दोन कारणं सापडली. गठ्ठे वीतभर जाड होते आणि फ्रीझर झाकणापर्यंत ठासून भरलेला होता, त्यामुळे थंडी आत पोचलीच नाही. शिवाय पावसात रोज वीज जाते, कधी दोन तास, कधी रात्रभर.

आता चार बोटांपेक्षा जाड गठ्ठा नाही, फ्रीझर दोन तृतीयांश भरायचा, आणि थर्मामीटर कायम मधल्या गठ्ठ्यात. तिथे उणे १८ दिसल्यापासून दिवस मोजायचे. वीज जाऊन तापमान उणे १० च्या वर आलं की मोजणी परत पहिल्यापासून. फ्रीझरवर एक वही बांधली आहे, सकाळी उघडणारे मामा आकडा लिहितात. नंतरची भर: एवढं केल्यावर दुसऱ्या हप्त्यात जिवंत काही मिळालं नाही. दोन आठवड्यांचं काम तीन-साडेतीन आठवडे खातं हे धरूनच पुढचा हिशेब करा.

२८ जुलै

लेबलं संगणकावर उतरवणं सुरू. तीन विद्यार्थी, एक लॅपटॉप, एक्सेल.

पहिल्या तीनशे ओळी पुन्हा तपासाव्या लागल्या. लेबलावर ५/९/७६ असं लिहिलेलं. लॅपटॉपची तारीख अमेरिकी पद्धतीची, त्यामुळे एक्सेलने त्याचा ९ मे करून टाकला. १४/८ असेल तर ते गोंधळतं आणि निदान तसंच सोडतं, पण महिना-दिवस दोन्ही बाराच्या आत असले की गुपचूप बदल होतो. सापडलं ते कारवीमुळे. पूर्ण फुललेल्या कारवीच्या (डोंगरउतारावरचं झुडूप, पावसाच्या शेवटी फुलतं) शीटपुढे मे महिना दिसला आणि विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मेमध्ये कारवी?" तिचं आजोळ मुरबाडला आहे.

आता दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे स्तंभ, तिन्ही साधे आकडे. शिवाय लेबलावर जे आहे ते जसंच्या तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट, एका स्वतंत्र स्तंभात. जगभरची हर्बेरियम ज्या डार्विन कोअर नावाच्या साच्यात माहिती ठेवतात त्यात हे स्तंभ आधीपासूनच आहेत. आम्ही स्वतःचा साचा बनवत बसलो नसतो तर जुलै वाचला असता.

जागांचा प्रश्न मोठा. ठाण्याचं ‘थाना’ आणि वसईचं ‘बॅसीन’ हे सोपं. पण नुसतं ‘वडवली’? एक वडवली घोडबंदर रस्त्याला, एक कल्याणपलीकडे आंबिवलीच्या बाजूला. अशा शीटला आम्ही अक्षांश-रेखांश देत नाही. जिथे जागा कळते तिथे बिंदूबरोबर खात्रीचं अंतर लिहितो: ‘तानसा तलावाजवळ’ म्हटलं की बिंदू एक आणि पुढे ५ किलोमीटर. बिंदू नेमका दिसतो म्हणून माहिती नेमकी होत नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आपल्याकडेच असं असतं असंही नाही. एकोणिसाव्या शतकात इथली झाडं गोळा करणाऱ्या स्टॉक्स आणि लॉ यांच्या शीटांवर ‘मलबार, कोंकण इत्यादी’ असं छापील लेबल आहे. केरळपासून मुंबईपर्यंत कुठेही शोधा. आमचं ‘वडवली’ त्यापेक्षा बरं.

तारीख नसलेल्या काही शीटांना मात्र वाट सापडली. विभागाच्या पहिल्या प्राध्यापकांनी आपल्या प्रत्येक नमुन्याला सलग क्रमांक दिलेला आहे. ४०८ आणि ४१५ दोन्ही एकाच दिवशी तानशाचे असतील तर मधला ४१२ बहुधा त्याच दिवसाचा. अशी तारीख आम्ही वेगळ्या स्तंभात ‘अनुमान’ म्हणून लिहितो, लेबलाच्या स्तंभात नाही.

१७ ऑगस्ट

काही नमुन्यांची ओळख पटवायला परवानगी घेऊन मुंबईला ब्लॅटर हर्बेरियममध्ये गेलो. सेंट झेवियर्स कॉलेजात फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ साली सुरू केलेला हा संग्रह. आपल्या संग्रहाच्या नावाने तिथे जाताना थोडा संकोच होता. तिथे एकच धडा मिळाला, तो असा की जुनं लेबल कधीही काढायचं नाही. झाडाचं नाव बदललं तर शेजारी छोटी चिठ्ठी लावायची: नवं नाव, कोणी ठरवलं, कोणत्या वर्षी. एकेका शीटवर अशा चार चार चिठ्ठ्या होत्या. आमच्याकडे मागे कोणीतरी ‘दुरुस्ती’ म्हणून जुन्या नावांवर पांढरा रंग फासला आहे. तिरप्या उजेडात काही वाचता आली, काही गेली.

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची वर्णनासह यादी (१९०१ ते १९०८), सोबत होता. त्यात ठिकाणापुढे गोळा करणाऱ्याचं नाव असतं आणि बऱ्याच नावांपुढे उद्गारचिन्ह: वुड्रो! कानिटकर! मुलांना वाटलं कुक साहेब खूश झाले. त्याचा अर्थ, हा नमुना मी स्वतः पाहिला आहे. चिन्ह नसेल तर ऐकीव किंवा दुसऱ्याच्या पुस्तकातून. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने प्रत्येक ठिकाणापुढे आपली जबाबदारी अशी नोंदवून ठेवली आहे. आम्ही एक्सेलमध्ये ‘पाहिलं का’ असा स्तंभ वाढवला.

कुळांची मांडणी बदलायची का यावर बराच खल झाला. नव्या वर्गीकरणात रुई, अनंतमूळ, खरपुडी हे सगळे कण्हेरीच्या कुळात गेले आहेत. कपाटात बेंथॅम-हूकरची जुनी मांडणी आहे. ती तशीच ठेवली. नवं कुळ संगणकात. शीटं जितकी कमी हाताळू तितकी जास्त टिकतील.

१ सप्टेंबर

पहिल्या ढिगाचं काय झालं ते आता.

कारवीची सगळी शीटं एकत्र काढली होती. कारवी ठरावीक वर्षांनी एकदम फुलते. आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (येऊर त्याच्याच कडेला) ती २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, म्हणजे यंदा फुलायला हवी. जुन्या फुलांच्या तारखा त्या आठाच्या पाढ्यात बसतात का, एवढंच पाहायचं होतं. ५ सप्टेंबर १९७६, येऊर: बसते. मग एक आलं, भरगच्च फुललेलं, तारीख ६ मार्च १९८५. कारवी पावसाच्या शेवटी फुलते, मार्चमध्ये तिला वाळकी बोंडं असतात.

त्या तारखेची बाकीची शीटं शोधली. साठच्या वर निघाली. त्यांत तेरडा फुललेला, कळलावी फुललेली, रानहळद फुललेली. पावसाळ्यातली अर्धी झाडं ६ मार्चला फुलली होती म्हणे. अर्थ उघड आहे: ती प्रात्यक्षिक परीक्षेला शीट सादर केल्याची तारीख. लेबलावर ‘दिनांक’ छापलेलं, कोणता ते छापलेलं नाही, आणि मुलांनी त्या दिवशीची घातली.

मग सगळ्या विद्यार्थ्यांची शीटं याच नजरेने पुन्हा चाळली. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमधला एखादा दिवस, आणि त्या एका दिवशी पन्नास-साठ नमुने. पहिल्या ढिगातून १,९०० शीटं बाहेर पडली. विश्वासाची उरली साधारण १,३००, त्यातली बहुतेक तीन शिक्षकांची. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त उपयोगही याचाच झाला. तुम्ही मोजणीच्या पहिल्या दिवशी तारखेप्रमाणे लावून पाहा, एका तारखेला किती शीटं आहेत ते. आमचे दोन महिने वाचले असते.

त्या १,९०० पैकी काही मात्र परत घेता आली. ज्या झाडाचा बहर थोड्याच आठवड्यांचा असतो, त्याचं फूलच महिना सांगतं. मार्च १९८५ ला सादर झालेली फुललेली कारवी १९८४ च्या पावसाळ्याअखेरची असणार, आणि १९८४ पाढ्यात बसतं. लेबल खोटं बोललं तरी शीटवरचं झाड बोलत असतं, पण ते तेव्हाच, जेव्हा फूल किंवा फळ आहे. नुसत्या पानांच्या शीटांना हा आधार नाही.

एक शीट पाढ्यात बसत नाही. १९७९, येऊर, फुललेली, आणि लेबल प्राध्यापकांच्याच हातचं. चूक म्हणून खोडावंसं वाटलं. पण चुकार झाडं मधल्या वर्षी फुलतात हे डोंगरात फिरणाऱ्यांना माहीत आहे. शीट जागेवर ठेवलं. आणि येऊरचं वर्ष माथेरानला किंवा भीमाशंकरला लावायला जाऊ नका. प्रत्येक डोंगराचा पाढा वेगळा असू शकतो.

२२ सप्टेंबर

गणपती उरकल्यावर येऊर. कारवी फुलली आहे. उतारच्या उतार जांभळे आणि मधमाश्यांचा आवाज. राष्ट्रीय उद्यानात फांदी तोडता येत नाही, वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती आमच्याकडे नाही. फोटो, जागा आणि तारीख घेतली. १९७६ चं शीट ज्या पायवाटेजवळचं आहे तिथून आज पान घेता येणार नाही, एवढ्यासाठीसुद्धा ते जपायला हवं. फोटोवरून पानामागची रंध्रं मोजता येत नाहीत. १९८७ साली वुडवर्ड या संशोधकाने ब्रिटनमधल्या जुन्या हर्बेरियमच्या पानांवर ती मोजली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तसतशी दोनशे वर्षांत रंध्रं सुमारे ४० टक्के घटली होती. पानं गोळा करणाऱ्यांच्या स्वप्नातही हा प्रश्न नव्हता.

उद्यानाच्या हद्दीबाहेर मालकीच्या जमिनीत मालकांना विचारून तीन फांद्या घेतल्या.

६ ऑक्टोबर

त्या तीन फांद्यांनी पिळून काढलं. कारवीचा तुरा चिकट असतो आणि वासही उग्र. वर्तमानपत्राला असा चिकटला की कागद सोलताना फुलं गेली. एक फांदी वाया. उरलेल्या दोन बटर पेपरमध्ये घालून दाबल्या. खोड जाड म्हणून मागच्या बाजूने उभं चिरून अर्धं केलं. चार फुलं सुटी, टिश्यू पेपरमध्ये वेगळी वाळवली. दमट हवेत कागद दिवसातून दोनदा बदलले तरी पानं काळी पडू लागली. शेवटी पुठ्ठ्याचं पन्हाळी खोकं कापून मध्ये मध्ये थर घातले आणि प्रेस टेबल फॅनपुढे उभी ठेवली. पन्हाळीतून वारा जातो, पाच दिवसांत वाळलं. इस्त्री करू नका. आम्ही एका पानावर करून पाहिली, ते पापडासारखं मोडलं.

जुन्या शीटांवरची सेलोटेप पिवळी पडून सुटली आहे, तिचा डिंक मात्र झाडावर राहिला आहे. तो ओढायचा नाही. टेप कडेने कापायची आणि नमुना दोऱ्याने टाके घालून बसवायचा. बायंडरने खळ सुचवली, मोरचूद घातलेली. जुन्या वह्यांना ती चालते, आमच्या कागदावर निळसर डाग आले. आता मिथाइल सेल्युलोजची पूड पाण्यात कालवून वापरतो, पाहिजे तर नुसत्या पाण्याने सुटते.

कागद: आम्लविरहित शीट ३० रुपयांना एक. १,३०० ना परवडत नाही. फाटलेल्या आणि दुर्मीळ नमुन्यांपुरती २०० घेतली, बाकीची जुन्याच शीटवर. शिकवण्याच्या संचासाठी साधं ड्रॉइंग शीट. फुल इंपीरियल मापातून (५६ बाय ७६ सेंटिमीटर) ४२ बाय २८ ची दोनच निघतात असं आम्ही धरलं होतं. बायंडरने उरलेली पट्टी आडवी फिरवून तिसरं काढून दाखवलं. फक्त त्या तिसऱ्याचा दाणा, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, उलटा असतो, पावसाळ्यात ते वेगळ्या दिशेने वळतं. ती लेबलांना आणि सुट्या बियांच्या पुड्यांना वापरली.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर फोटो. शीट जमिनीवर, कॅमेरा लोखंडी स्टँडला उलटा टांगलेला, दोन बाजूंनी एलईडी, शेजारी पट्टी आणि रंगांचं कार्ड. मोबाइलने आधी करून पाहिलं होतं. त्याने पिवळट कागद आपल्या मनाने पांढरा केला आणि कडा फुगवल्या. विभागातल्या एका माजी विद्यार्थ्याचा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स उसनी मिळाली. तासाला पस्तीस-चाळीस शीटं होतात, जुळवाजुळवीचा वेळ सोडून.

क्रमांकांचे बारकोड मात्र पुन्हा करायचे आहेत. कुरिअरच्या पाकिटावर असतात तसे थर्मल स्टिकर छापून आणले होते, २,४०० रुपये. कपाटात अजून डांबरगोळ्यांचा वास आहे, त्यानेच की कशाने ते सांगता येत नाही, पण ऑगस्टमध्ये लावलेले आज अर्धे पुसट आहेत. लेझर प्रिंटरवर साध्या कागदावर छापा आणि गोंदाने लावा.

पुढच्या आठवड्यात काम बंद. २० तारखेला विधानसभेचं मतदान आहे, स्टोअररूमसकट मजला निवडणुकीसाठी ताब्यात जाणार आणि आम्हालाही ड्यूटी. फ्रीझर चालू ठेवायची लेखी विनंती दिली आहे.

१५ डिसेंबर

फ्रीझर बंद केला गेला होता. आतले दोन गठ्ठे परत पहिल्यापासून.

आजवरचा खर्च: फ्रीझर वाहतुकीसह १२,२००, कागद ९,८००, हातमोजे-मास्क ३,३००, दिवे आणि स्टँड ६,५००, फुकट गेलेले स्टिकर २,४००, दोन पत्र्याची कपाटं जुन्या बाजारातून १४,०००, इतर किरकोळ साडेचार हजार. सगळे मिळून ५२,७००. सगळ्यात महाग पडलं ते मात्र यात कुठेच नाही: लेबल वाचणाऱ्या माणसांचा वेळ.

एक गठ्ठा ‘अनोळखी’ म्हणून बांधलेला आहे, बहुतेक गवतं. जागा कमी पडते म्हणून तो आधी काढा असं सुचवलं गेलं. काढला नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की जगात अजून नाव न मिळालेल्या सपुष्प वनस्पतींपैकी निम्म्या बहुधा आधीच कुठल्या ना कुठल्या कपाटात पडलेल्या आहेत. आणि गवताचं एक उदाहरण आपल्या दाराशीच आहे. १९१९ मध्ये जोगच्या धबधब्याजवळ सेजविक आणि बेल यांनी एक नाजूक गवत गोळा केलं. पुढे गवतांचे अभ्यासक बोर यांनी त्या नमुन्यांवरून हबार्डिया हा नवा वंश (जीनस) लिहिला. जोगला ते परत सापडेना, नामशेष म्हणून यादीत गेलं. मग कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या श्रीरंग यादव यांच्या चमूला ते तिलारी भागात सापडलं. जुनं शीट नसतं तर तिलारीत काय दिसलं हे ओळखणार कशावरून?

आमच्या गठ्ठ्यात तसं काही असेल असं वाटत नाही. तुंगारेश्वरची तीन गवतं पुण्याला दाखवायची आहेत, तेवढंच.

माहिती खुली करताना एक गाळणी लावली. खरपुड्या आणि काही आमरी (ऑर्किड) यांची नेमकी जागा बाहेर देत नाही, फक्त तालुका. खरपुडीचा कंद खातात, आणि हौशी लोक ती कुंडीत लावायलाही उकरून नेतात. मूळ लेबलाच्या फोटोतही जागा दिसते हे उशिरा लक्षात आलं, म्हणून त्या शीटांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये.

२ फेब्रुवारी २०२५

शहापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने विचारलं: आमच्या शिवारातलं तुमच्याकडे काय आहे? त्यांचं लोकजैवविविधता नोंदवहीचं काम चालू आहे. ७८ शीटं निघाली, १९६८ ते १९९३. यादी पाठवली ती शास्त्रीय नावांची. परत आली. "मॅडम, यातलं आम्हाला काय कळणार?" बरोबर आहे. मग लेबलांवर पेन्सिलीने लिहिलेली स्थानिक नावं उतरवली. जुन्या प्राध्यापकांनी बरोबरच्या वाटाड्यांना विचारून ती लिहिलेली दिसतात. समितीतल्या आजींनी त्यांतली पाच नावं चुकीच्या झाडाला लावल्याचं सांगितलं. ‘अनुमान’सारखाच ‘स्थानिक दुरुस्ती’ स्तंभ वाढवला. तलावाकाठच्या चार वनस्पती आता दिसत नाहीत असंही त्या म्हणाल्या. पावसाळ्यात जाऊन पाहिल्याशिवाय ते नोंदवत नाही.

यादीत शेवळ आहे, पण त्याचं शीट कामाचं नाही. मांसल फूल दाबून सडलेलं, आणि फूल व पान एकाच क्रमांकाखाली, तारीख जूनची. शेवळाचं फूल पावसाच्या तोंडावर येतं, पान नंतर. एका दिवशी दोन्ही मिळणं अवघड, म्हणजे त्यातलं एक नंतर आणून जोडलेलं. या वर्षी ते नव्याने करायचं. फूल मेअखेरीस, पान ऑगस्टमध्ये, दोन वेगळे क्रमांक, दोन वेगळ्या तारखा, एकमेकांचा उल्लेख दोन्ही लेबलांवर. फुलाचा उभा काप घेऊन गाभा कोरून वाळवायचा, आणि एक फूल स्पिरिटच्या बरणीत. जागेची खूण म्हणून समितीवाल्यांनी सळई ठोकायला सांगितली आहे. प्लास्टिकची पट्टी गुरं खातात.